चिमाबाईच्या घरावरची जप्ती

जप्तीचा हुकूम घेऊन गेलेला बेलीफ रावजी तासाभरात यज्ञेश्वर वकिलांच्या कचेरीत परत आला.

"नोटीस डकवली, साहेब. पण त्या चिमाबाईचं काही कळत नाही. घोंगड्या विणायचा माग जप्त करता येत नाही म्हणून सांगितलं, तरी तोही न्या म्हणते. रडणं नाही, गयावया नाही. भिंतीकडं तोंड करून बसलीय."

यज्ञेश्वर वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला.

साल १९३४. चिमाबाईचा नवरा बिरप्पा यानं तीन वर्षांपूर्वी पंचांसमोर तिला सोडचिठ्ठी दिली होती. यंदा कर्ज फेडायला काही उरलं नाही म्हणून त्यानं कोर्टाकडून नादारी मिळवली. आपली साठ मेंढरं श्रावणात रोगानं मेली, असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं. त्याची मालमत्ता शोधायला कोर्टानं यज्ञेश्वरांनाच रिसीव्हर नेमलं होतं. त्यांनी शपथेवर विश्वास ठेवला, बिरप्पाच्या गावाकडे फिरकले नाहीत. बिरप्पा सुटला आणि सावकार ईश्वरप्पा चिमाबाईकडे वळला. संसार चालू असताना काढलेल्या कर्जाच्या रोख्यावर दोघांचेही अंगठे होते.

दुपारी यज्ञेश्वर तिच्या घरी गेले. एकच खोली, घोंगड्या विणून तिनं घेतलेली. मंगळवेढ्याकडून आलेला तिचा धाकटा भाऊ भिमा उंबऱ्याशी बसला होता.

"बाई, हे कर्ज बिरप्पानं फेडायचं, असं पंचांनी ठरवलं होतं ना?"

"व्हय."

"ते तुम्हा दोघांत ठरलं. सावकार त्यात नव्हता. बिरप्पा नादार झाला तरी तुमची जबाबदारी तशीच राहते."

"आता कळलं की."

"मग कोर्टात काही म्हणणं का मांडत नाही?"

तिनं भिंतीकडं तोंड वळवलं.

"अडाणी बाईमाणूस काय मांडणार, साहेब?" भिमा म्हणाला.

कोपऱ्यात तांबूस लोकरीचा ढीग होता, नुकताच पिंजलेला. दोरीवरच्या घोंगड्या मात्र काळ्याभोर होत्या.

"ही लोकर कुठली?"

"माझ्याच कळपाची," भिमा म्हणाला. "दिवाळी झाल्यावर कातरली."

"आणि या घोंगड्यांची?"

"तीबी त्याचीच," चिमाबाई म्हणाली. "तीन वर्सं तोच देतोय." तिनं पदर आणखी पुढं ओढला.

कचेरीत येऊन यज्ञेश्वरांनी रोखा पुन्हा वाचला. बिरप्पाच्या मेंढरांचं वर्णन त्यात होतं: रंग तांबूस, डाव्या कानाला खाच.

दुसऱ्या दिवशी ते रावजीला घेऊन मंगळवेढ्याच्या माळावर गेले. भिमाची काळी मेंढरं उघड्यावर चरत होती. ओढ्यापलीकडे, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाआड, दुसरा कळप होता.

दोन दिवसांनी न्यायाधीशांपुढं सगळे उभे राहिले.

"मेंढरं मेलीच नव्हती," यज्ञेश्वर म्हणाले. "साठ मेंढरं मेली असती तर कातडी कुणीतरी विकत घेतली असती. ती कुणी घेतली, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. श्रावणात मेलेल्या मेंढराची लोकर दिवाळीनंतर कातरता येत नाही. तीन वर्षं काळी लोकर देणाऱ्या भिमाकडे एकाएकी तांबूस लोकर आली. बिरप्पानं कळप त्याच्याकडे लपवला होता. नादारी मिळाली की निम्मा कळप भिमाचा, असं दोघांत ठरलं होतं. कुंपणाआड सापडलेल्या प्रत्येक तांबूस मेंढराच्या डाव्या कानाला खाच आहे."

बिरप्पा खाली पाहू लागला. भिमा पुटपुटला, "भैनीचं घर जाईल असं वाटलं न्हवतं. ह्यो म्हनला, सोडलेल्या बायकूच्या मागं कुठला सावकार लागतोय."

मेंढरं विकून ईश्वरप्पाचं देणं भागवावं, असा हुकूम झाला. घरावरची जप्ती थांबली. खोट्या शपथेसाठी बिरप्पावर आणि त्याला साथ दिल्याबद्दल भिमावर खटला भरायचं ठरलं.

चिमाबाई बाहेर व्हरांड्यात येऊन बसली होती. यज्ञेश्वर तिच्याजवळ गेले.

"लोकर हातात आली तेव्हाच तुम्ही ओळखलीत ना?"

"अकरा वर्सं तीच पिंजली, साहेब."

"मग बोलला का नाहीत? घर जात होतं."

"दादल्यानं सोडलं ते चारचौघांत सोसलं. पाठच्या भावानं इकलं, हे कुनाला सांगू?"

यज्ञेश्वरांना तिच्याकडे बघवेना. "मी एकदा गावाला गेलो असतो, तर तुमच्यावर ही वेळ आली नसती," ते म्हणाले.



आतून कारकुनानं पुकारा केला, "भिमाला जामीन कोण राहतंय?"

दारातून भिमा बहिणीकडे पाहत होता. ती उठली, पायऱ्या उतरली आणि मागं न बघता एकटीच घराच्या वाटेला लागली.