ओला भाता

आधी एक गंमत करा. हात पुढे धरा आणि ओठ बारीक करून मनगटावर फुंकर घाला. गार लागलं ना? आता तोंड मोठं उघडून तिथेच ‘हाऽ’ करा. ऊन लागलं. श्वास तोच, तुमचाच. पण एकदा गार, एकदा ऊन. आता डोळे मिटा आणि अशी एक मुलगी समोर आणा, जिला यातलं काहीच धड जमत नाही. साधी चिमणी विझवायची तरी ती मध्ये थांबून दम घेते.

तिचं नाव जिजा. भिवपुरीचं वीजघर सुरू होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. डोंगरावरून उतरणाऱ्या जाड नळांच्या पायथ्याशी कामगारांच्या चाळी होत्या आणि चाळींना लागून भाताची शेतं. जिजाचा बाप येसाजी वीजघरात यंत्रांना तेल घालायचा. त्या यंत्रांची घरघर चाळीत रात्रंदिवस ऐकू येई. नव्या माणसाला तिच्यामुळे झोप लागत नसे, आणि जुन्या माणसाला ती थांबली की जाग येई.

जिजाच्या छातीत दुसरी घरघर होती. तिला दमा होता. मार्गशीर्षात खळ्यांवर झोडणी सुरू झाली, तूस वाऱ्यावर उडायला लागलं, की तिचा जीव कंठाशी येई. तिची आई सोनाबाई तिला पाठीशी धरून बसायची आणि पुढ्यात राखेचं खापर ठेवायची. त्या खापरात जे पडायचं ते जिजा कधी बघत नसे. एकदाच बघितलं होतं. पिवळट, जाड, राखेतही आपला आकार न सोडणारं. हे आपल्याच आत असतं, या विचाराने तिला त्या दिवशी भाकरी गेली नव्हती.

शाळेतली पोरं तिला ‘फुटकी पेटी’ म्हणत. पेटी म्हणजे बाजाची पेटी. भात्याला भोक पडलं की ती सुराऐवजी नुसती सूं सूं करते, तशी.

शाळा आबाजी गुरुजींची. म्हातारा माणूस, नाकात तपकीर, पण पोरांवर कधी हात उचलला नाही. दर वर्षी ते मुलांकडून एक हस्तलिखित अंक करून घेत. छापायचं नाही, मुलांनीच लिहायचं, मुलांनीच चित्रं काढायची, मुलांनीच शिवायचं. प्रत एकच. ती रोज एका मुलाच्या घरी एका रात्रीच्या मुक्कामाला जाई आणि सकाळी शाळेत परत येई. त्या वर्षीचा अंक गाण्याबजावण्याचा होता. नाव ठेवलं ‘तानपाखरू’. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका जिजाकडे आली, कारण तिला गाता येत नसलं तरी तिच्या हातात चित्र होतं.

गुरुजी म्हणाले, “मुखपृष्ठ म्हणजे घराचं दार. दारातच सगळं सामान मांडायचं नाही. एकच चित्र, मोठं. आणि नाव असं लिही, की ओटीवरच्या आजोबांना चष्म्याशिवाय वाचता यावं. अनुक्रमणिका म्हणजे आतली वाट. ज्याला जे हवं ते त्याला न विचारता सापडलं पाहिजे.”

“चित्र कशाचं काढू, गुरुजी?”

गुरुजींनी आपली पेटी टेबलावर ठेवली आणि मागचा भाता उघडा करून दाखवला. वर्ग खदाखदा हसला.

“ए फुटक्या पेटी,” पदू ओरडला, “भाता नीट काढ गं! तुझ्याकडं तर घरचाच हाय!”

पदू म्हणजे शाळेचा गळा. आवाजासाठी त्याची आई त्याला रोज आल्याचा काढा पाजायची. संक्रांतीच्या मेळाव्यात प्रार्थना तोच म्हणणार होता. अनुक्रमणिकेतली पहिली ओळसुद्धा त्याचीच होती: ‘प्रार्थना – पदू’. जिजाने त्या ओळीशेजारी इवलंसं पाखरू काढलं. ढोलकीच्या बोलांशेजारी ढोलकी, ओव्यांशेजारी जातं. पान असं उतरलं की गुरुजींनी तपकिरीची चिमूट तशीच हातात धरून ठेवली.

मग तिने भाता रंगवायला घेतला. गेरू आणि काजळ डिंकाच्या पाण्यात कालवून काळपट तांबडा रंग केला. घडीवर घडी, उघडलेला भाता. हवा कोरडी होती, ओठ फुटत होते. असा रंग बघता बघता वाळायला हवा होता. तो वाळेना. जिजा वाकली आणि त्यावर फुंकर घालू लागली.

“फुंकर नको गं,” गुरुजी म्हणाले. “थुंकी उडते. पाटीने वारा घाल.”

गुरुजी वळल्यावर ती परत वाकली. जेवढी जमेल तेवढी फुंकर. मग दम घ्यायचा. मग परत. काही वेळाने तिच्या लक्षात आलं, की आपण मध्ये थांबलोच नाही. फुंकर लांबत होती. छातीतून काहीतरी सुटत होतं, खरडल्यासारखं, आणि ओठांतून निघून कागदावर जात होतं. दिसत काहीच नव्हतं. शेवटी तिने छाती भरून श्वास घेतला आणि तो कुठेच अडला नाही.

ती घरी पळत गेली. जन्मात पहिल्यांदा.

सोनाबाईने तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. “बया गं,” ती म्हणाली, “आत कायबी वाजत नाय.” तिने खापरातली राख परसात ओतली आणि खापर पालथं घातलं.

जिजाला तर खेळणंच मिळालं. तिने चिमणी विझवली, परत लावली, परत विझवली. दुसऱ्या दिवशी बिगरीतली चिमुकली बुधी शाळेच्या पायरीवर पडली, तर जिजाने तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर इतकी लांब फुंकर घातली की पोर रडायची थांबून हसायला लागली.

भाता मात्र ओलाच होता.

“डिंक जास्त पडला,” गुरुजी म्हणाले. त्यांनी वर खडूची पूड भुरभुरली. पूड विरघळून गेली. त्यांनी अंक उन्हात ठेवला. अक्षरं वाळून कडक झाली, पाखरू वाळलं, कडेची वेल वाळली. भात्याच्या घड्या तेवढ्या चकाकत राहिल्या. एक माशी त्यावर बसली आणि तिला उठता येईना. तिचे पाय बराच वेळ हलत होते. जिजाने ती काडीने काढली, तेव्हा काडीबरोबर एक तार वर आली. लांब झाली, लोंबली, पण तुटली नाही.

ती तार तांबडी नव्हती. पिवळट होती.

जिजाने काडी टाकली आणि हात मातीत घासला. मग परकराला पुसला. मग पुन्हा मातीत घासला. वास गेला नाही. आंबूस, कोमट. तिला तो ओळखीचा होता.

तिने कुणाला सांगितलं नाही.

पहिला मुक्काम पदूचा. तो अंक छातीशी धरून घेऊन गेला. सकाळी परत आला तो भिंतीला धरत. ओठ निळसर, खांदे वर चढलेले, आणि छातीतून येणारा तो आवाज. सगळा वर्ग एकदम जिजाकडे बघायला लागला. तिच्याकडूनच तो यायचा ना इतकी वर्षं! पण तिची छाती तर गप्प होती.

“काय झालं रं?” गुरुजींनी विचारलं.

“काय ठावं गुरुजी… उशाशी ठेवलं व्हतं…” पदू एकेक शब्द ओढत म्हणाला. “भाता… रातभर… मिटायचा नि उघडायचा.”

“ताप दिसतोय,” गुरुजी म्हणाले आणि त्याला घरी पाठवलं. मग त्यांनी जिजाला प्रार्थना म्हणून बघायला सांगितली. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि सूर निघाला. सरळ, स्वच्छ, कुठेही न फाटता. खिडकीत उभ्या असलेल्या दोन बाया डोक्यावरचे भारे घेऊन तशाच थांबल्या. गुरुजींनी पदूच्या नावावर कोरी पट्टी चिकटवली आणि अनुक्रमणिका जिजापुढे सरकवली. तिने आपल्या हाताने लिहिलं: ‘प्रार्थना – जिजा’. लिहिताना तिला हसू आवरत नव्हतं.

त्या संध्याकाळी गुरुजी अंक स्वतः घरी घेऊन गेले. “डिंकाचं काय ते बघतो,” म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला लावून बघायची त्यांची सवय होती.

सकाळी ते खुर्चीत बसून होते. हजेरी घेताना प्रत्येक नावानंतर थांबत होते.

आता जिजाला कळलं. तुम्हालाही कळलं असेल. तिने काही न बोलता दिवस काढला असता, तर संक्रांतीला चाळीतल्या सगळ्या लोकांसमोर ती गायली असती. येसाजी पुढच्या ओळीत बसला असता. कुणी तिला पुन्हा फुटकी पेटी म्हटलं नसतं. खापर पालथंच राहिलं असतं. आणि ती काही चोर नव्हती. तिने कुणाचं काही घेतलं नव्हतं. आपल्याजवळचं नकोसं तेवढं बाहेर गेलं होतं.

“आज… बुधीची पाळी,” गुरुजी म्हणाले.

बुधी उड्या मारत आली. तिची छाती ती केवढी! वाटीएवढी.

“मधल्या सुट्टीनंतर देते हां तुला,” जिजा म्हणाली, आणि अंक घेऊन शाळेमागच्या पेंढ्याच्या उडवीआड गेली.

ऊन लख्ख होतं. वीजघराची घरघर चालू होती. तिने अंक मांडीवर ठेवला.

भाता आता कागदाच्या वर आला होता. फुगून, मऊ. कडांना बारीक बुडबुडे होते. एक फुटला, दुसरा तयार झाला.  

तिने पाटीच्या कडेने खरवडून बघितलं. तेवढंच परत आलं.

जे फुंकरीने गेलं, ते कसं परत आणायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने डोळे मिटले आणि ओठ त्याच्यावर टेकवले.

ते कोमट होतं. ओठांना चिकटलं, आणि तिने श्वास आत ओढला.

आधी आलं ते तिचं स्वतःचं. खारट, आईच्या हळदीच्या दुधाची चव असलेलं. घशात अडकलं. तिने गिळलं.

मग आल्याच्या काढ्याची चव आली. पदूचं.

मग तपकीर. तिला शिंक आली, ती तिने दाबली.

ओठांखाली कागद वाळू लागला. करकरला. संपलं, असं तिला वाटलं. ती तोंड काढणार, तोच आणखी आलं.

ते कुणाचं होतं, हे तिला कळलं नाही. शाळेतल्या कुणाचं नव्हतं. ते गार होतं. त्याला बुरशीचा वास होता. ते येतच राहिलं.

थुंकायचं कुठे? थुंकलं तर तिथे बसणारा कुणीतरी श्वास घेणार. तिने तेही गिळलं.

शेवटी कागद सुटला. जिजाने डोळे उघडले. रंग वाळून खडखडीत झाला होता. तिने भाता उघडा काढला होता. आता चित्रातल्या घड्या एकमेकींवर घट्ट बसल्या होत्या.

वर्गात गुरुजींचा आवाज लागला होता. ते सलग नावं पुकारत होते. पदूची आई दारात उभी राहून सांगत होती, की पोरगा उठून भाकरी खायला लागला म्हणून.

जिजाने अंक बुधीच्या हातात दिला. तिने ओठ घट्ट मिटले होते. नुसती मान हलवली. बुधी अंक नाचवत पळाली, उंबऱ्याला अडखळली, पडली. उठली ती थेट जिजाकडे आली. गुडघा पुन्हा फुटला होता.

“जिजाताई,” ती म्हणाली, “परवासारकी फुंकर घाल ना गं.”

जिजाने मान हलवली. नाही.

“घाल ना गं! जळजळतंय.”

बुधीने गुडघा तिच्या तोंडाजवळ आणला. जिजाने डाव्या हाताने आपलं तोंड गच्च दाबून धरलं, उजव्या हाताने पाटी उचलली, आणि ती बुधीच्या गुडघ्यावर वारा घालू लागली. बुधीचं रडू हळूहळू थांबलं. जिजा वारा घालत राहिली. आणि तिच्या तळहाताखाली तिचे गाल सावकाश फुगत होते, सावकाश बसत होते, पुन्हा फुगत होते.