काळी पाचची कॅसेट

सोहम आमच्या घरी प्रथम आला तो इन्व्हर्टर दुरुस्त करायला. पडवीत स्टुलावर चढून तो वायरी सोडवत होता आणि आत माजघरात तेजस्वी कॅसेट लावून बसली होती. माझ्या मोठ्या बहिणीची, गोदाताईची, एवढी एकच कॅसेट उरली आहे. ताईला जाऊन बारा वर्षं होत आली. तेजस्वी तिची शेवटची शिष्या. ताई गेली तेव्हा ही चौदा वर्षांची होती, आणि तेव्हापासून त्या कॅसेटलाच गुरू मानून शिकत होती.

भीमपलास रंगात आला असताना दारातून आवाज आला.

"ही टेप... जरा जोरात पळतेय का हो?"

तेजस्वीने वळून पाहिलं. हातात टेस्टर, केसांत कोळिष्टक आणि चेहऱ्यावर खरंखुरं कुतूहल.

"तुम्हाला गाण्यातलं कळतं?"

"काहीच नाही."

"मग?"

"मागे लाऊडस्पीकरची घरघर आहे ना, तिच्यातलं कळतं. मी पोफळीच्या कॉलनीत वाढलो, बाबा वीजघरात होते. विजेची घरघर सेकंदाला पन्नास कंपनांची. कुठेही जा, तीच. ही मला चढी वाटतेय."

"बाई चढ्या पट्टीत गातायत, म्हणून वाटत असेल."

"असेल," असं म्हणून तो परत स्टुलावर चढला. पण तो गेल्यावर तेजस्वीने कॅसेट मागे नेऊन तोच तुकडा तीनदा ऐकला.

त्या दिवसांत ती उदास असे. ताईच्या पुण्यतिथीला पावस गावात, जिथे कॅसेटमधली मैफल झाली होती त्याच सभागृहात, तिला गायचं होतं. तोच राग, तीच लय आणि तीच पट्टी, पेटीवरची काळी पाच. वरच्या सुरांवर गेली की तिचा गळा फाटे. "मावशी, हे नाही जमलं तर मी गाणं सोडणार," तिने मला सांगून ठेवलं होतं. मुलगी हट्टी. सोडलंच असतं तिने.

तिसऱ्या दिवशी सोहम न बोलावता आला. "इन्व्हर्टर नीट चाललाय ना, म्हटलं बघून जावं."

"इन्व्हर्टरला लॅपटॉपही लागतो वाटतं?" तेजस्वीने त्याच्या पिशवीकडे पाहत विचारलं.

"कधी कधी..." तो कानापर्यंत लाल झाला.

बाहेर आंब्याला मोहोर आला होता. त्याचा वास माजघरापर्यंत येत होता. सोहमने टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, कसल्याशा रेघा मोठ्या केल्या आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"छप्पन्न. पन्नास हवी होती. म्हणजे रेकॉर्ड करताना टेप हळू फिरली. आता नीट वेगाने फिरते, म्हणून बाई घाईत आणि चढ्या वाजतात."

तेजस्वीने पेटी पुढे ओढली. एक सूर धरला, मग त्याच्या खालचा, मग आणखी खालचा. "अख्खा एक सूर उतरला... म्हणजे काळी चार? बाई काळी चारमध्ये गायल्या होत्या?"

"पण टेप हळू का फिरली असेल?" सोहमने विचारलं.

मैफलीच्या दिवशी टेपरेकॉर्डर माझ्याच मांडीशी होता.

"सेल," मी म्हटलं. "संपत आलेले होते. मी ते दोन दिवस अंगणात उन्हात वाळत घातले नि परत बसवले. तेव्हा सगळेच तसं करायचे. ऊन दिलं की दोन-चार दिवस चालत."

तेजस्वीला हसू फुटलं.

"मावशी, म्हणजे बारा वर्षं मी तुमच्या सेलांशी झुंजतेय?"

"हस गो, हस," मी म्हटलं. रडली असती तर मला सोसलं नसतं.

सोहमने लॅपटॉपवर वेग उतरवला आणि गाणं लावलं. हा ताईचा आवाज. जाड, थोडा खालच्या अंगाचा, शब्दावर टेकून उभा राहणारा. तिच्या पाठीशी बसून मी तीस वर्षं तंबोरा धरला, आणि तरी कॅसेट ऐकता ऐकता हा आवाज विसरून गेले होते. कॅसेटमधली ताई कशी लाडिक, नाचरी होती. ही तशी नव्हती.

"घाई नाहीये हिला," तेजस्वी हळूच म्हणाली. "ही कुणाची तरी... वाट बघतेय."

सोहम गाणं ऐकत नव्हता. तो तेजस्वीकडे बघत होता.

तिने काळी चार लावून पाहिली. गळा फाटला नाही, पण वरचा सूर बारीकच लागला. तिने पेटीचा भाता मिटला. "आता कॅसेटलाही दोष देता येणार नाही."

"एक विचारू?" सोहम म्हणाला. "गोदाताईंची पट्टी सापडली. तुमची कुठली?"

"ते मला कधी... कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय."

मग अंधार पडेपर्यंत दोघांचं तेच चाललं. ती एकेक पट्टी वर-खाली लावून बघायची, तो विचारायचा, "आता?" ती म्हणायची, "छे." काळी तीनवर त्याने विचारलं नाही आणि ती थांबली नाही.

पावसला ती काळी तीनमध्येच गायली. लय तर ताईच्याही खालची होती. गाणं संपल्यावर आमचे जुने श्रोते दाजी काठी टेकत पुढे आले. "पोरी, गोदेची पट्टी उतरवलीस गो."

"नाही दाजी. माझी लावली."

दाजींनी विचार केला. "मग पुढच्या वर्षी पण हीच लाव."

आम्ही तिघं निघालो, गाडी आंब्याच्या बागेच्या पलीकडे उभी होती. वाटेत सोहम तिला म्हणाला, "परवा आई येतेय पोफळीहून. तिला ऐकायचं आहे..."

"गाणं?"

"गाणंही."

"आणि?"

"आणि... मी महिनाभर रोज संध्याकाळी कुठे जातो, ते बघायचं आहे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं सांगितलं. एक मुलगी आहे, मला आवडते, आणि तिला अजून विचारलेलं नाही."

तेजस्वी म्हणाली, "त्यांना म्हणावं, विचारून झालंय. मुलगी हो म्हणाली."

मला ऐकू आलं नाही असं दाखवून मी पुढे चालू लागले. गाडीपाशी पोचून उभी राहिले, तर मागे कोणीच नव्हतं. बऱ्याच वेळाने दोघं वळणावर दिसली, हातात हात घेऊन, अगदी विलंबित लयीत.