कपाटाचं कुलूप

आमच्या घरात चोर पकडायला जो माणूस आला, त्याला दार चोरानंच उघडलं.

दुपार टळून गेली होती. मी गाऊनवर, केस पिंजारलेले, तोंडसुद्धा धुतलेलं नाही. दारात एक उंच तरुण, खांद्याला अवजारांची पिशवी आणि डोळ्यांत… काय सांगू, निव्वळ आगाऊपणा. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप बसवायला बाईंनी बोलावलंय, म्हणाला. आई बाहेर गेली होती. मीच त्याला आत नेलं.

"कपाटाला कुलूप?" त्यानं हसू दाबलं. "चोर कोण आहे घरात?"

"मी."

"चेहऱ्यावरून वाटत नाही."

"चोरलेलंच नाही, तर वाटेल कसं?"

मला शाळेत असल्यापासून मधुमेह आहे. प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि इतकी वर्षं मी ते नीट निभावलं. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, तिथेही माझ्या नावानं कुणी बोटं मोडलेली नाहीत. पण यंदा रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरांनी मान वर न करता फर्मावलं, गोड खाणं बंद करा. झालं. आईनं साखर, मध, बिस्किटं, सगळं एका कपाटात कोंबलं आणि कुलूपवाल्याला फोन केला. मी शपथा घेतल्या. पण डॉक्टरांपुढे माझ्या शपथेला कोण विचारतो?

खरं तर गोडच काय, मी धड जेवतही नव्हते. सकाळी डोळे उघडले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. इन्सुलिनचं पेन उशाशीच असायचं, पण तिथवर हात न्यायचंही जिवावर यायचं. ते चुकलं की साखर चढायची. साखर चढली की अंगातलं त्राण जायचं आणि मन आणखी खाली बसायचं. कामावर रजेवर रजा चालली होती. आई म्हणायची आळस. मामा म्हणायचा, तुला कमी काय आहे? या 'कमी काय आहे'ची मला इतकी चीड यायची की काय सांगू. कमी असतं तर आणून तरी दिलं असतं कुणी.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. बहुतेक त्यानं ड्रिल बाजूला ठेवलं होतं म्हणून.

"एक विचारू?" तो म्हणाला. "साखर एकदम उतरली तर काय करता?"

"ताबडतोब साखर खायची. नाहीतर शुद्ध हरपते."

त्यानं कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि नुकतेच बसवलेले स्क्रू एकेक करून काढायला लागला.

आई आली तेव्हा त्यानं तिला सरळ सांगितलं, की असलं कुलूप मी बसवणार नाही, उद्या पोरगी इथे पडली तर किल्ली शोधत बसाल का? आई खवळली. मग ओट्याला टेकून रडायला लागली. मला तिचीही दया आली नाही त्या दिवशी, इतकी मी चिडले होते.

त्यानंतर आमच्या दारांना अचानक फार दुखणी जडली. कधी कडी घट्ट होती, कधी बिजागरी कुरकुरत होती. आई नुसती बघायची. तो तेलाची कुपी घेऊन यायचा आणि जाताना, मान तिरकी करून, हळूच विचारायचा, "आज मन कसं आहे?" साखर किती, हे एकदाही नाही. मी कधी खोटं बोलायचे, कधी खरं. खरं बोलले, की त्याला घाई नसायची.

पुढच्या तपासणीला मी त्याला सोबत बोलावलं. आई तर होतीच. डॉक्टरांनी कागद बघितला आणि तोंड उघडलं, "गोड…"

"मी गोड खात नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला जगायचाच कंटाळा आलाय. किती महिने झाले, इंजेक्शन घ्यायला हात उचलत नाही. तुम्ही साखर मोजता, वजन मोजता, पाय तपासता. कशी आहेस, हे एकदा तरी विचारलंत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईनं माझा हात घट्ट धरला. मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार, सगळं विचारलं. हे नैराश्य आहे, म्हणाले, आळस नव्हे; मधुमेहात ते बऱ्याच जणांना गाठतं आणि दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात, तेव्हा उपचारही दोन्हींवर हवेत. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्यांनी स्वतः फोन करून घेतली. "मी आधी विचारायला हवं होतं," म्हणाले. हवंच होतं. मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही.

आई औषधांच्या रांगेत राहिली. आम्ही दोघं समोरच्या खानावळीत बसलो. मी जेवण मागवलं, पेन काढलं, आणि त्याच्यादेखत, न लपवता, इंजेक्शन टोचलं.

"अजून चिडलेली आहेस?" तो कधी 'तू'वर आला, कळलंच नाही.

"हो. डॉक्टरांवर, मामावर. आणि तुझ्यावर."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"काहीच केलं नाहीस, म्हणूनच. इतके दिवस नुसत्या बिजागऱ्यांविषयी बोलतोयस."

त्याचे कान लाल झाले. तो आगाऊपणा कुठल्या कुठे पळाला. "म्हणजे… मला असं… तू आता बरी नाहीस, म्हणून मी…"

"बरी होईपर्यंत थांबणार होतास? मला महिने लागतील. मधेच पुन्हा पडेनही."

"पड," तो म्हणाला. "मी आहे. मला… तू आवडतेस. फार."

"मलाही तू," मी म्हणाले. तेवढ्यात ताटं आली. "आता जेव. इंजेक्शन घेतलंय मी, मला थांबता येत नाही."