शेजारची सीट

व्हॅन मागे घेताना कुणीतरी “बास, बास” म्हणतंय, हे दीपमालाला ऐकू आलं खरं. पण तोवर ट्रॉल्या बांधणाऱ्या जयराजनं नुकत्याच रंगवलेल्या ऊस-ट्रॉलीचा लाल रंग तिच्या पिवळ्या व्हॅनला लागला होता.

“शाळेची व्हॅन न्हवं ही?” चिडायचं सोडून तो विचारत होता. “पोरं कुठायत?”

“शाळेनं विकली, मी घेतली. घर करायचंय हिच्यात. झोपायचं, रांधायचं, चित्रं काढायची… आणि म्हैसूर, हंपी, रस्ता नेईल तिकडं जायचं.”

“एकटीच?”

“का? रस्त्याला भीती वाटंल माझी?”

तो मनापासून हसला. पलूसमधल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीपमाला मग बराच वेळ रेंगाळली.

ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. लॅपटॉप असला की ते काम कुठंही व्हायचं. अडचण एकच – तिचे आबा. नाथाजी सुभेदार, निवृत्त फौजी माणूस. त्यांनी नाही म्हटलं नाही, अट घातली. “पसरणीचा घाट चढून गाडी महाबळेश्वरला पोचली तर तू मोकळी. न्हाई पोचली, तर विकून टाकायची.”

व्हॅनचं घर करायचं काम जयराजनं अंगावर घेतलं. ओट्याची उंची ठरवायला त्यानं तिला व्हॅनमध्ये उभं केलं, कोपरापाशी पेन्सिल टेकवली… आणि पेन्सिल तिथंच थांबली.

“ट्रॉलीचं माप घ्यायला पण एवढा वेळ लागतो?”

“ट्रॉली लाजत न्हाई,” तो म्हणाला. लाजला मात्र तोच.

ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढून तिथं कपाट बसवायचं, हे दीपमालानंच सांगितलं होतं. एकटीला दोन सीटा कशाला? जयराजनं मात्र ती सीट पुसली आणि शेडच्या कोपऱ्यात नीट झाकून ठेवली.

श्रावणातल्या एका सकाळी दोघं निघाले. ती चालवत होती, तो मागं पलंगावर बसला होता. तिनं वरचा आरसा हळूच तिरका केला…

“आरसा मागच्या गाड्या बघायला असतो,” जयराज म्हणाला.

“मागं गाडीच न्हाई,” ती म्हणाली, आणि आरसा तसाच राहिला.

वाई मागं पडली, घाट लागला आणि निम्म्या चढावर व्हॅन धापा टाकत थांबली.

जयराज कपाटाशी वाकला आणि कानापर्यंत लाल झाला. “चूक माझी हाय. हाताला ट्रॉलीची सवय… आतनं सगळं जाड लोखंड घातलंय. ह्यात टनभर ऊस मावला असता.”

“माझे चार ड्रेस हायत त्यात.”

गाडी आता विकली जाणार… दीपमालानं बाह्या वर सारल्या. “पाना कुठाय?”

दोघांनी मिळून नट खोलले. वळणावर शालूबाईंची चहाची टपरी होती. ये-जा करणाऱ्यांना हाताशी घेऊन कपाट तिथवर नेलं. “बिस्किटांच्या बरण्या मावतील,” म्हणत शालूबाईंनी दोघांना चहा पाजला.

व्हॅननं उरलेला घाट कुरकुर न करता चढला. महाबळेश्वरच्या दाट धुक्यात उभं राहून तिनं फोन लावला. “आबा, पोचली.”

“मग जा बाई, बघ जग,” आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा जड झाला.

तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. जयराज मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

“हितं हलकं, लाकडाचं कपाट करून देतो.”

“नको. सीट बसव. झाकून ठेवलीस ती.”

“बघितलंत तुमी?”

“पुसताना पण बघितलं.”

“…पण बसणार कोण?”

“तू. मला तू आवडतोस, जयराज. लय आवडतोस.”

धुक्यातून एक सर आली आणि निघून गेली. तो भिजत तसाच उभा होता.

“दसऱ्यापर्यंत ट्रॉल्यांचं काम हाय,” तो अखेर म्हणाला. “एकदा साखर कारखाने सुरू झाले, की ट्रॉल्या उसावर जातात, शेड बंदच असतं.”

“थांबते की दसऱ्यापर्यंत.”

“आणि गाडी? माझ्या वजनानं पुन्हा घाटात बसली तर?”

“त्या कपाटापेक्षा हलकाच हायस तू.”

परतताना जयराज मागं गेला नाही. हत्यारांची पेटी रिकाम्या जागेत ठेवून तो त्या पेटीवरच बसला, तिच्या शेजारी. दीपमालानं हात वर करून आरसा सरळ केला.