ठोंब्याचा नकार

बाबांना डोंगरावरच्या तळ्यापर्यंत नेऊन सुखरूप परत आणायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो: मी, बाबा आणि त्यांचा कुत्रा ठोंब्या. ते तळं बाबांनीच तरुणपणी मोजून नकाशावर आणलं होतं. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. अट साधी होती. ठोंब्याने तळ्यापर्यंत नेलं, तर बाबा आपल्या घरात एकटे राहणार. नाही, तर घराला कुलूप लावून माझ्याकडे मागच्या खोलीत येणार. ते आले असते तर माझ्या जिवाचा घोर मिटला असता. पण त्या खोलीत ते खंगतील, हेही मला कळत होतं.

ठोंब्याला शिकवलं मी. आधी बस, थांब, ये. मग पट्टा न ताणता बाबांच्या पावलाबरोबर चालणं. मग वस्तू तोंडात धरून सांगितलेल्या माणसाला देणं. अलीकडे मात्र तो बिघडला होता. घराच्या पायऱ्यांशी बाबा ‘चल’ म्हणायचे आणि हा ढिम्म! वर बाबा त्याला बिस्कीट द्यायचे.

“लाडाने वाया घालवताय त्याला,” मी म्हणायचे.

“असू दे गं.”

जंगल त्याने छान पार केलं. वाटेवर आलेली मुळं, आडवे ओंडके, ओल्या पानांचा निसरडा थर, प्रत्येक ठिकाणी तो थबकायचा, बाबा काठीने चाचपायचे आणि मग दोघं पुढे सरकायचे. वासावरून झाडं ओळखत बाबा माझी परीक्षा घेत होते, आणि मी नापास झाले की खूश होत होते. कितीतरी महिन्यांनी ते असे बडबडत होते. मला फार बरं वाटलं.

वर कड्याला बिलगून जाणारी अरुंद वाट लागली. धुकं उतरलं होतं. खाली ओढा घोंगावत होता. तळं जवळच होतं, आणि नेमका तिथे ठोंब्या बाबांच्या पायांपुढे आडवा बसला.

“चल,” बाबा म्हणाले. तो हलला नाही.

पुढची चार पावलं वाट मला दिसत होती. चांगली सपाट होती.

“झालं याचं सुरू. मी पुढे होऊन बोलावते.”

“तो बसलाय ना? मग थांब जरा.”

मी थांबले नाही. त्याला ओलांडून गेले.

वाट खचली! माती, दगड, मी, सगळं एकदम खाली. हाताला मूळ लागलं. घट्ट धरलं. पाय अधांतरी. ओढ्याने वाट आतून पोखरली होती.

“बाबा, पुढे येऊ नका!”

“नाही येत. बोलत राहा.”

बाबांनी पाठीवरच्या पिशवीतला दोर काढून मागच्या झाडाला बांधल्याचा आवाज आला. मग बाबांचा शब्द: “दे. तिला दे.” मघाशी न हललेला ठोंब्या आता आतल्या कडेने, पोट घासत आला. दोर माझ्या तोंडावर पडला. मनगटाला वेढे दिले. बाबांनी ओढलं. मी वर आले.



“तू त्याला ऐकायला शिकवलंस,” दोर गुंडाळत बाबा म्हणाले. “मी न ऐकायला शिकवत होतो. पुढे पडायची जागा असेल, तर माझंही ऐकायचं नाही. पायऱ्यांवर तोच सराव चालायचा.”

“मला सांगायचं तरी.”

“तू लगेच त्याला सुधारलं असतंस.”



“वरून दुसरी वाट असेल,” मी म्हणाले.

“तळं दिसतंय तुला?”

“धुक्यात काही दिसत नाही.”

“मग आपण दोघं सारखेच. परत फिरू.”

उतरताना मी त्या दोघांच्या मागून चालले.

घराशी पोचल्यावर बाबा पायऱ्यांपाशी उभे राहिले. “तळं काही गाठलं नाही. अट म्हणजे अट. सामान कधी भरायचं?” त्यांनी पट्टा मुठीला गुंडाळला.

“मागच्या खोलीत जागा नाही,” मी म्हणाले.

“कालपर्यंत होती की.”

“आता नाही.”

बाबा हसले. मग “चल” म्हणाले. ठोंब्या पायरीशी थबकला, बाबांचं पाऊल चाचपून नीट पडलं, आणि दोघं वर गेले. कुलपाचं भोक शोधायला त्यांना वेळ लागला. मी खालीच थांबले.