अर्थिंगचा चिमटा

वेल्डिंग मी पुस्तकातून शिकलो, त्यामुळे मला ते येतं असं म्हणायला आजही जीभ रेटत नाही. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाने सत्तरीत तारेचं वेल्डिंग मशीन घ्यावं, हे जुईनगरात कुणालाच पटलं नव्हतं. मशीन लहानसंच. आत तारेचं रीळ असतं. हातात धरायच्या नळीचं, म्हणजे टॉर्चचं, बटण दाबलं की चाकं तार पुढे ढकलतात आणि ती लोखंडाला टेकताच पेटून वितळते. मात्र वीज परत मशीनकडे यावी लागते. त्यासाठी दुसऱ्या केबलला अर्थिंगचा एक चिमटा असतो, तो कामाच्या लोखंडाला लावायचा. खाडीच्या हवेने तो गंजतो, म्हणून काम संपलं की मी त्याचे दात पॉलिश पेपरने घासतो आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवतो.

कुंड्यांचे स्टँड, एखादी जाळी, यापुढे मी कधी गेलो नाही. दिवाळे गावच्या चंद्राबाई दुपारी रिक्षातून होडीचा नांगर घेऊन आल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. त्या आम्हाला पंधरा वर्षं मासळी देतात. सोबत त्यांचा मुलगा निकेश, तिशीचा, स्वतःची होडी चालवणारा. नांगराचा एक आकडा मुळाशी तुटला होता.

"निकेशच्या बापसाचा हाय," त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान रामचंद्र दोन वर्षांपूर्वी वाऱ्यात गेले. होडी सापडली, ते सापडले नाहीत. नांगर गेल्या आठवड्यात निकेशच्याच जाळ्यात आला होता.

"काका, मी बोललो नवीन घेऊ. आये ऐकत नाय," निकेश म्हणाला.

"दर्यानं परत दिलेला टाकाचा नाय. आज संध्याकाळी हाच घेऊन जा."

"चंद्राबाई, जोड सुटला तर होडी वाहून जाईल. निकेश असेल तीत. हे माझ्या आवाक्यातलं नाही."

"मास्तर, तुमी दोन चिंबोऱ्या घेताना पन इतकाच विचार करता. करा."

निकेश कोपऱ्यावर चहाला गेला. चंद्राबाई दारात बाहेर तोंड करून बसल्या. मी ग्राइंडरने गंज काढला, कडा तिरप्या केल्या. नांगर लाकडी फळीवर आडवा ठेवला, आकडा टेकू देऊन जागेवर बसवला. टॉर्चचं टोक साफ केलं, तार अर्धा इंच ठेवून कापली आणि हेल्मेट खाली घेतलं.

माझा जोड नेहमी गाठीगाठींचा येतो. त्या दिवशी आवाजच वेगळा होता, सलग, तव्यात बोंबील पडावेत तसा. काच वर केली तर जोड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. मला आनंद झाला, हे कबूल करतो.

घाम पुसायला मान वळवली. चिमटा खिळ्यालाच होता.

मी फळी चाचपली. कोरडी. त्याच फळीवर लोखंडाची एक सुटी पट्टी ठेवून बटण दाबलं. तार नुसती बाहेर येत राहिली आणि तिचं वेटोळं झालं. ठिणगी नाही. मग ती कापून नांगराला टेकवली.

पेटली.

काचेतून ज्योतीखेरीज काही दिसत नाही, बाकी काळोख. त्या काळोखात आणखी एक ठिणगी होती. नांगराच्या दुसऱ्या टोकाला, दोरीच्या कडीपाशी. चिमटा सैल बसला की त्याच्या दातांशी उडते तशी, बारीक.

बटण सोडलं. काच वर केली. कडीपाशी काही नव्हतं.

मी प्लग काढला आणि जे पाहिलं ते चंद्राबाईंना सांगितलं. माझं चुकलंही असेल, असंही म्हणालो. "मी हा जोड कापून टाकतो. निकेशला नवीन घेऊ द्या."

त्या उठल्या. कडीवर तळवा ठेवला.

"ऊन हाय."

मीही हात लावला. उबदार होती. मधला दांडा गार होता.

"धरंल का, तेवढा सांगा."

मी हातोडी घेतली. जोडावर पाच घाव घातले, सगळं बळ लावून. केसभरही हलला नाही.

"धरेल," मी म्हणालो. "पण ते माझं काम नाही."

त्यांनी मान हलवली. बाहेर रिक्षा थांबली. "आये, थांब, मी आलो उचलायला," निकेश म्हणाला.

त्या थांबल्या नाहीत. दाराकडे तोंड करून वाकल्या, जोडलेला आकडा दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या राहिल्या. कडीचं टोक जमिनीवर घसटत जायला हवं होतं. तेही कमरेएवढं वर आलं. नांगर आडवा, सरळ, दाराकडे निघाला.

उंबरा ओलांडून त्या क्षणभर थांबल्या, मागच्याला पाय उचलायला वेळ द्यावा तशा.