अर्धा तास आधी वाजलेला भोंगा

बसा. बसवेश, त्या मोबाइलची बत्ती बंद कर, माझ्या डोळ्यात घुसायलीय. लाइट काय दहाच्या आत येत न्हाई. शिवांजली, तुला भ्या वाटत असंल तर आत आजीजवळ जा. न्हाई जात? मग रात्री पाणी प्यायला उठताना मला हाक मारायची न्हाई, आधीच सांगून ठेवतो.

"आप्पा, मागल्या टायमाला तुमी मुंजाची गोष्ट सांगितली अन् शेवटाला 'मीच मुंजा' म्हणून धोतर डोक्यावर घेतलंत," बसवेश म्हणतो.

घेतलं. अन् तू लुंगीतच... जाऊ दे, पोरगी बसलीय इथं. पण आज धोतर जागेवर राहणार. ही गोष्ट माझ्या भाच्याची हाय. सोमेश्वरची. तुमी बघितलाय त्याला, माझ्या दुकानात येतो, पण टाइम कोणी विचारला की उठून जातो. कावून जातो, तेच सांगतो.

उमापूरच्या रस्त्याला एक जिनिंग होतं. कापूस यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुई प्रेसमध्ये दाबून गठाणी बांधायचे. सन दोन हजार दोनची गोष्ट. सगळ्यांना कंप्युटरची हवा लागलेली, तशी त्या शेठलाबी लागली. दोन मशीनं आणली. एक हापिसात, ते विजयसिंहाकडं. एक वजनकाट्याच्या केबिनीत, ते आमच्या सोमाकडं. दोघं गेवराईला एका बाकावर शिकलेले, एका ताटात जेवणारे. शेठनं वरून आणखी एक टूम काढली. पाळीचा भोंगा सोमाच्या मशीनला जोडला. टाइम झाला की आपोआप बोंबलणार. आधी एक म्हातारा वाजवायचा, त्याला घरी बसवला.

आता मी चौथी नापास, तवा मला समजलं तसं सांगतो. लाइट गेली-आली की मशीनचं घड्याळ येड्यासारखं करायचं. म्हणून त्यात एक पोग्राम बसवला होता. तो पडद्याआड बसून वायरीनं दुसऱ्या मशीनला विचारायचा, का रं भाऊ, किती वाजले? अन् आपलं घड्याळ लावून घ्यायचा. त्याला सुरू करताना नावाच्या मागं आडवी रेघ अन् एकेक अक्षर लावायचं. रेघ-क्यू लावलं तर एकदा टाइम विचारायचा अन् गप घरी जायचा. रेघ-एक्स लावलं तर घड्याळाला झटका द्यायचा न्हाई, हळूहळू ओढायचा, जशी नवी सून वळणावर आणत्यात.

"आप्पा!"

बरं बरं, शिवांजली, सून न्हाई, गोऱ्हा म्हण.

पण त्या पोग्रामचा एक गुण होता बघा. समोरच्यानं सांगितलेल्या टायमात अन् आपल्यात पंधरा-सतरा मिनिटांच्या वर फरक निघाला, की तो म्हणायचा, कोणीतरी लबाड बोलायलंय. अन् जागच्या जागी बंद पडायचा. लबाडाचा टाइम घेण्यापरीस मेलेलं बरं! एवढी अब्रू आपल्या गावात दोन माणसांना न्हाई. फक्त रेघ-जी लावलं, तर मान खाली घालून काय सांगतील ते घ्यायचा. मग समोरचा मध्यान्हीला मध्यरात्र म्हणो. विजयसिंहानंच सोमाला शिकवलं होतं, "सोम्या, जी लावायचं न्हाई कधी. जी म्हंजी कुणाच्याबी नादी लागणं." आतल्या कुलपाचा शब्द, तो पासवर्ड म्हणत्यात ना, दोघांनाच ठाऊक. सोमाला, अन् विजयसिंहाला.

प्रेसवर धोंडीराम नावाचा गडी होता. संध्याकाळी सातला प्रेस थांबायची. हा आत खड्ड्यात उतरून अडकलेली रुई काढायचा. आठला भोंगा झाला की दुसऱ्या पाळीचा गडी येऊन दांडा ओढून प्रेस चालू करायचा. तिथं वाकून बघायची चाल न्हाई. भोंगा झाला म्हंजी झाला. धोंडीराम तवर कवाच वर येऊन बिडी वढत बसलेला असायचा. वीस वर्षं यंत्रापाशी राहून त्याचे कान गेलते, भोंगाबी ऐकू यायचा न्हाई. त्याचा सगळा भरवसा मनगटावरच्या घड्याळावर. अन् ते घड्याळ तो रोज खड्ड्यात उतरायच्या आधी सोमाच्या खिडकीशी येऊन लावायचा.

"सोमा, किती वाजले?"

सोमा मशीनमध्ये बघायचा, बोटानं दाखवायचा. धोंडीराम चावी फिरवायचा. "तुझा टाइम म्हंजी माझा टाइम," म्हणायचा अन् जायचा.

पौष महिन्यात एका सांजेला भोंगा अर्धा तास आधी झाला.

दुसऱ्या पाळीचे गडी चहा टाकून पळत आले. एकानं दांडा ओढला.

...

जाऊ द्या. पुढं काय झालं ते सांगत न्हाई. गठाण फोडावी लागली एवढं ध्यानात घ्या.

भोंगा सोमाच्या मशीनचा. म्हणून दोष सोमाचा. शेठनं महिनाभर घरी बसवला, मग दुसऱ्या कुणाला ते चालवता येईना म्हणून परत बोलावला. लोक केबिनीपुढनं जाताना थुंकायचे. सोमानं शंभर बारी मशीन बघितलं, घड्याळ बरोबर चालायलेलं. विजयसिंह त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "मशीनच बिघडलं असंल बे. तू कावून जिवाला लावून घेतोस? मी हाय ना."

पण धोंडीरामाची मंजुळाबाई एक दिवस केबिनीशी आली. रडली न्हाई, वरडली न्हाई. एवढंच म्हणली, "सोमा, त्या दिवशी त्येंला टाइम तूच सांगितलास ना?"

त्या दिवसापासनं पोरगं खाईना. त्याला नोकरीचं काही न्हवतं. पोलिसाचंबी न्हवतं. त्याला एकच पाहिजे होतं. आपण धोंडीरामाला खरा टाइम सांगितला का खोटा? एवढंच. अन् ते सांगणारं कुणी न्हवतं.

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी उपास सोडला, त्या रात्रीची गोष्ट. म्हंजी अमावस्याच. कापूस सरत आलेला, रातपाळी बंद, सोमा एकटा काट्यावर राखणीला. हापिसाला कुलूप. विजयसिंह सांजच्यालाच गेवराईला घरी गेलता. हापिसाचं मेन बटन सोमानंच खाली ओढलं होतं, म्हणून मी ठासून सांगतो, ते मशीन बंद होतं.

बाराच्या सुमाराला लाइट गेली अन् आली. केबिनीतलं मशीन आपोआप उठलं. सोमानं पडद्यावर बघितलं, पोग्राम कुणाला टाइम विचारायलाय. कुणालाच न्हाई. हापिस तर बंद. बरोबर.

मग त्यानं उलटं बघितलं. आपल्याला कोण विचारायलंय.

एक ओळ आली.

नाव न्हाई. पत्ता न्हाई. नुसती रिकामी जागा, अन् पुढं आकडा. कितीदा विचारलं त्याचा. सोमा बघायला, अन् आकडा वाढायला. एकानं. मग आणखी एकानं.

सोमानं हापिसाकडं जाणारी मागची वायर उपटली. हातात धरली.

आकडा वाढला.

"मग तो पळून कावून न्हाई गेला?" बसवेश, तू गेला असतास. तुझी चप्पलबी तुझ्या आधी गेली असती. सोमानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. त्यानं ठरवलं, पोग्रामच मारून टाकावा, म्हणून जिथनं तो सुरू होतो ती ओळ उघडली. अन् तिथंच थिजला.

ओळीच्या शेवटी रेघ होती. अन् जी.

सोमानं लावलेलं न्हवतं. शब्द दोघांनाच ठाऊक.

हळूहळू त्याच्या डोक्यात सगळं बसत गेलं. आठला पाळी सुटायची. गेवराईची शेवटची एस्टी पावणेआठला. विजयसिंहाचं लगीन नुकतंच झालेलं, तेजश्री घरी एकटी. अन् ती एस्टी रोज त्याच्या नाकापुढनं जायची, मग रात्र हापिसातच काढावी लागायची. त्या सांजेला त्याला ती घावली होती. हापिसाचं घड्याळ अर्धा तास पुढं. सोमाचा पोग्राम एवढा मोठा फरक मानणार न्हाई, बंद पडंल. म्हणून जी. अन् हे धोंडीराम खड्ड्यात उतरल्यावर केलेलं, न्हाईतर त्याचं घड्याळबी पुढं लागलं असतं अन् तो भोंग्याआधी वर आला असता. दुसऱ्या दिवशी घड्याळ परत जागेवर. एका एस्टीसाठी! अन् वर खांद्यावर हात... मी हाय ना...

सोमा रडला. धोंडीरामासाठी न्हाई, मला खोटं बोलवत न्हाई. त्या हातासाठी रडला.

तवा खिडकीवर टकटक झाली.

सोमानं मान वर केली न्हाई.

परत टकटक. नखानं काचेवर. सवयीची.

"सोमा..."

...

"सोमा, किती वाजले?"

आवाज लई हळू. तोंडात कापूस कोंबल्यासारखा. पडद्यावरला आकडा थांबला होता. जो विचारत होता, तो आता तिकडं न्हवता.

सोमाला टाइम दिसत होता. समोरच होता, पडद्याच्या कोपऱ्यात. सांगायचा तर सांगता आला असता. पण त्याच्या जिभेवर दुसरंच आलं.

"धोंडीमामा," तो म्हणला, "मी खराच सांगितला होता. पुढचं विजयला विचारा."

...

बाहेर कुणी न्हवतं. बऱ्याच वेळानं खडीवर पायांचा आवाज झाला. गेवराईकडं.

सोमा दिवस उगवस्तोवर तिथंच बसला. ह्यातलं एक अक्षर कुणाला सांगितलं न्हाई. सांगणार कुणाला? माझ्याजवळबी दोन साल बोलला न्हाई.

सकाळच्या पहिल्या एस्टीनं विजयसिंह उतरला. पायात दोन वेगळ्या चपला. तोंड चुन्यासारखं. गडी जमलेले, शेठ आलेला, कुणाकडं न बघता तो सरळ काट्यावर आला अन् सोमाची गचुंडी धरली.

"सोम्या, त्याला माझ्या दारात कावून धाडलंस बे? तेजश्रीनं दार उघडलं... तिला म्हणला, सोमानं पाठवलंय... दोस्त ना तू माझा?"

सोमा नुसता बघत राहिला. तो बघत राहिला तसा विजयसिंहाचा हात सुटला. तो खाली खडीवर बसला, अन् सगळ्यांदेखत बोलून मोकळा झाला. एस्टी, घड्याळ, जी, सगळं. मंजुळाबाई तिथं रुई वेचायला आलेली होती. तिनं ऐकलं. सोमाकडं आली, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला अन् गेली. सोमाच्या तोंडाचं काळं तेवढं धुतलं गेलं.

पण दोस्ती? ती कुणी कुणाची मारली, हे मला आजबी सांगता येत न्हाई. दोघं एका गल्लीत राहतात. एकमेकाला बघून रस्ता बदलतात.

आता शेवटचं. हसू नकोस बसवेश... हसत न्हाईस? बरं.

शेठ म्हणला, ते हापिसातलं मशीन आत्ताच्या आत्ता काढून फेका. कुलूप उघडलं. मेन बटन खालीच होतं. लाइट न्हवती. मशीन घरघर करत होतं.

दोघांनी उचलायला हात लावला, उचलंना. गठाणीगत जड. मग एकानं पेचकस आणून मागचा पत्रा काढला.

आत वायर न्हाई. तुकडा न्हाई. काहीच न्हाई.

काठोकाठ रुई. दाबून, दाबून भरलेली. बोट शिरत न्हवतं.

अन् हात लावला तर... कोमट.